चव्वेचाळीस नंबरचा एर्नी

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये कोणत्या नंबरच्या जर्सीत सर्वांत भारी कोण खेळला, यावर तिकडची मंडळी तासन् तास भांडतात. (हा आपला फुटबॉल नव्हे बरं का! अंडाकृती चेंडू काखेत मारून, अंगावर येणाऱ्या धटिंगणांना चुकवत पळायचं.) त्यात ४४ चा वाद फार अवघड. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज या एकाच विद्यापीठात या नंबरचे तीन अफाट खेळाडू होऊन गेले. जिम ब्राउन, एर्नी डेव्हिस आणि फ्लॉइड लिटल. बहुतेकांचं मत ब्राउनला. पण मित्रांनो, आपलं मत एर्नीला!

एर्नीचा जन्म १४ डिसेंबर १९३९ चा, पेनसिल्व्हेनियातला. वडील तो जन्मण्याआधीच अपघातात गेले. आजोबा कोळशाच्या खाणीत कामाला, त्यांच्याच घरी तो वाढला. बोलताना अडखळायचा. बाराव्या वर्षी आईकडे एल्मायरा गावी आला आणि शाळेच्या मैदानावर चमकला. अनेक कॉलेजं मागे लागली असताना खुद्द जिम ब्राउनने त्याला सिरॅक्यूजसाठी गळ घातली. तिथे त्याला ब्राउनचाच ४४ नंबर मिळाला.

तेव्हा फर्स्ट इयरवाल्यांना मुख्य टीममध्ये घेत नसत. एर्नी १९५९ मध्ये उतरला आणि त्या सीझनला सिरॅक्यूज एकही मॅच न हरता राष्ट्रीय विजेतं ठरलं. शेवटची मॅच १ जानेवारी १९६० ला डलासमध्ये, टेक्सासविरुद्ध. एर्नीच्या मांडीचा स्नायू दुखावलेला. तरी सुरुवातीलाच पास घेऊन त्याने ८७ यार्डांचा टचडाउन केला. अख्खं मैदान १०० यार्डांचं, म्हणजे बघा! सिरॅक्यूज २३-१४ ने जिंकलं, सामनावीर एर्नी. आणि रात्रीच्या मेजवानीत कृष्णवर्णीय खेळाडूंना काय सांगितलं? बक्षीस घ्या आणि निघा.

तीन सीझनमध्ये तो २३८६ यार्ड धावला, ब्राउनचा २०९१ चा विक्रम मोडला. कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च मान म्हणजे हाइझमन ट्रॉफी. १९५६ मध्ये ब्राउनसारखा ब्राउन त्यात पाचवा आला होता. १९६१ मध्ये ती एर्नीने मिळवली, असा तो पहिलाच कृष्णवर्णीय खेळाडू. राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्याला भेटीला बोलावलं. आमचं मत इथेच ठरतं. ब्राउनसाठी बंद राहिलेलं दार त्याच नंबरच्या पोराने उघडलं.

व्यावसायिक संघांच्या निवडीतही तो पहिला. निवड वॉशिंग्टनने केली, पण लगेच अदलाबदलीत तो क्लीव्हलँड ब्राउन्सकडे गेला. तिथे जिम ब्राउन होताच. दोघं एकाच टीममध्ये धावणार, या कल्पनेनेच लोक वेडे झाले असतील.

ते झालंच नाही. १९६२ च्या उन्हाळ्यात ल्युकेमिया निघाला. १८ मे १९६३ ला एर्नी गेला. वय वर्षं २३, आपल्या एम.ई.वाल्यांएवढं. अंत्यदर्शनाला एल्मायरात हजारोंची रांग लागली. मार्क ट्वेन जिथे पुरला आहे त्याच दफनभूमीत एर्नीही आहे.

फ्लॉइड लिटलला सिरॅक्यूजला येण्यासाठी एर्नीनेच गळ घातली होती. त्याच्या मृत्यूनंतर लिटल आला, ४४ घालून खेळला. २००५ मध्ये विद्यापीठाने हा नंबर कायमचा निवृत्त केला. विद्यापीठाचा पिनकोडसुद्धा १३२४४ आहे! आणि क्लीव्हलँडने एर्नीला दिलेला ४५ नंबर? तोही निवृत्त केला, त्याने त्यांच्याकडून एकही मॅच खेळलेली नसताना.