डोंगर, हरीण आणि लांडगा

शिकार आणि वनसंरक्षण या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत, असे आपल्याला सहज वाटते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली आणि हा समज अधिकच दृढ झाला. अमेरिकेचा इतिहास मात्र थोडा वेगळा आहे. तेथे वन्यप्राण्यांच्या रक्षणाचा पाया घालणाऱ्यांपैकी अनेक जण स्वतः शिकारी होते. आल्डो लिओपोल्ड हे त्यांपैकीच एक. बंदूक खांद्यावर घेऊन ते रानात शिरले आणि त्या रानानेच त्यांचे विचार बदलले. आपण आयुष्यभर ज्या गोष्टीचा आग्रह धरला ती चुकीची होती, हे उघडपणे मान्य करण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते. म्हणूनच त्यांचे चरित्र आजही वाचण्याजोगे आहे.

लिओपोल्ड यांचा जन्म ११ जानेवारी १८८७ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात बर्लिंग्टन या गावी झाला. हे गाव मिसिसिपी या विशाल नदीच्या काठी वसलेले आहे. त्यांचे वडील कार्ल यांचा लाकडी मेजे बनवण्याचा व्यवसाय होता. सुट्टीच्या दिवशी ते मुलांना घेऊन नदीकाठच्या पाणथळ जागी जात. पक्ष्यांची घरटी, प्राण्यांच्या पाऊलखुणा, किडामुंगी यांची ओळख आल्डो यांना तेथेच झाली. कार्ल उत्तम शिकारी होते; पण त्यांनी स्वतःवर काही बंधने घालून घेतली होती. वसंत ऋतूत पक्षी वीण घालण्यासाठी परततात, म्हणून त्या काळात त्यांनी शिकार सोडून दिली. तसा कायदा तेव्हा नव्हता. मुलाच्या हाती बंदूक देतानाही त्यांनी एक अट घातली. झाडावर निवांत बसलेल्या तितरावर नेम धरायचा नाही. पक्षी उडाला तरच गोळी झाडायची. बसलेला पक्षी टिपणे सोपे होते आणि उडणारा हातून निसटण्याचीच शक्यता अधिक होती. तरीही मुलाने ती अट पाळली. पाहणारे कोणी नसतानाही नियम पाळायचा असतो, हा धडा त्याला त्या वयात मिळाला.

पुढे लिओपोल्ड यांनी येल विद्यापीठात वनशास्त्राचे शिक्षण घेतले. १९०९ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळताच ते अमेरिकेच्या वनसेवेत रुजू झाले. ही सेवा १९०५ मध्ये स्थापन झाली होती. राष्ट्रीय वनांची देखभाल करणे हे तिचे काम. ही वने कोणा जमीनदाराची वा राजाची नव्हती. ती सरकारी, म्हणजेच सर्व नागरिकांच्या मालकीची होती. तेथील लाकूड, गवत आणि पाणी यांचा उपयोग नियमांच्या चौकटीत राहून करता येत असे. राज्याचा परवाना घेतलेला सामान्य माणूसही हंगामात तेथे हरणाची शिकार करू शकत असे. युरोपात शिकार हा शतकानुशतके राजेरजवाड्यांचा आणि जमीनमालकांचा हक्क होता. अमेरिकेतील शेतकऱ्याला वा कामगाराला मात्र या सार्वजनिक भूमीवर तो हक्क मिळाला होता. म्हणून ही वने आणि त्यांतील हरणे टिकवणे हा तेथे सर्वांच्याच जिव्हाळ्याचा प्रश्न होता.

लिओपोल्ड यांची पहिली नेमणूक ॲरिझोनातील अपाची राष्ट्रीय वनात झाली. खोल दऱ्या, उंच कडे आणि पाइन वृक्षांची घनदाट राने असा हा डोंगराळ मुलूख होता. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात तेथे एक घटना घडली. लिओपोल्ड आणि त्यांचे सहकारी एका कड्यावर जेवणासाठी थांबले होते. खाली दूरवर नदीच्या फेसाळ पाण्यातून एक प्राणी येताना दिसला. प्रथम सर्वांना ती हरिणी वाटली. ती काठावर आली तेव्हा कळले, की ती लांडगी आहे. तिची वाढत्या वयाची पिल्ले तिला भेटायला धावत आली. लांडगा दिसला की मारायचा, अशीच त्या काळची रीत होती. सर्वांनी रायफली उचलल्या. उंचावरून खाली, तीव्र उतारावर अचूक नेम साधणे कठीण असते. पण नेमापेक्षा उत्साहच अधिक होता. गोळ्यांचा वर्षाव झाला आणि लांडगी कोसळली. लिओपोल्ड खाली उतरून तिच्याजवळ पोहोचले, तेव्हा तिच्या डोळ्यांतील तेज हळूहळू मावळत होते. त्या वेळी ते बावीस वर्षांचे होते. त्या दृश्याचा अर्थ त्यांना तेव्हा उमगला नाही. पण ते दृश्य ते कधी विसरलेही नाहीत.

त्या काळचा हिशेब अगदी सरळ होता. लांडगे हरणांना खातात. म्हणून लांडगे कमी झाले, की हरणे वाढतील आणि शिकाऱ्यांची चंगळ होईल. एकोणिसाव्या शतकात मांस आणि कातडी यांच्या व्यापारासाठी हरणांची बेसुमार कत्तल झाली होती. त्यांची संख्या फारच घटली होती. हरणे वाचवलीच पाहिजेत, ही लिओपोल्ड यांची तळमळ खरी होती. १९१३ मध्ये मूत्रपिंडाच्या गंभीर विकाराने ते मरणाच्या दारातून परत आले. वर्षाहून अधिक काळ त्यांना विश्रांती घ्यावी लागली. बरे झाल्यावर त्यांनी वन्यप्राण्यांच्या रक्षणाला स्वतःला वाहून घेतले. न्यू मेक्सिकोत गावोगावी जाऊन त्यांनी शिकाऱ्यांच्या संघटना उभ्या केल्या, एक पत्रक चालवले आणि शिकारीचे नियम कडकपणे पाळले जावेत यासाठी जनमत तयार केले. मात्र याच मोहिमेत लांडगे आणि पहाडी सिंह यांचा समूळ नायनाट करावा, असाही प्रचार ते हिरिरीने करत होते.

याच काळात त्यांच्या मनात आणखी एक विचार आकार घेत होता. राष्ट्रीय वनांत सगळीकडे रस्ते होऊ लागले होते. काही वने तरी रस्त्यांवाचून, मोटारींवाचून तशीच राखावीत, असे त्यांना वाटे. पायी वा घोड्यावरून जाऊन, तंबूत राहून, कष्टाने शिकार करण्याचा अनुभव पुढच्या पिढ्यांनाही मिळावा, हा त्यामागचा हेतू होता. त्यांच्या प्रयत्नांमुळे ३ जून १९२४ रोजी न्यू मेक्सिकोतील गिला राष्ट्रीय वनाचा साडेसात लाख एकरांहून मोठा भाग अशा प्रकारे राखून ठेवण्यात आला. अमेरिकेतील हे पहिले राखीव अरण्य होय.

परंतु ज्या हरणांसाठी एवढा खटाटोप केला, त्यांच्याबाबतीत आता वेगळेच घडू लागले. ॲरिझोनातील कैबाब पठारावर १९०६ मध्ये शिकारबंदी झाली होती आणि हिंस्र प्राण्यांचा पद्धतशीर संहार सुरू झाला होता. हरणे वाढत गेली. ती नेमकी किती वाढली याबद्दल पुढे वाद झाले; पण परिणाम सर्वांना दिसत होता. हरणांचे तोंड पोहोचेल तेथवरची पाने आणि कोंब नाहीसे झाले. कोवळी रोपे जगेनात. मग १९२४ नंतरच्या हिवाळ्यांत चाऱ्याअभावी असंख्य हरणे उपासमारीने मेली. जमिनीवरचे झाडोऱ्याचे आवरण गेले, की उतारावरची माती पावसाबरोबर वाहून जाते. हरणांना गमावलेले वय काही वर्षांत भरून काढता येते. माती भरून यायला मात्र शतके लागतात.

गिलाच्या अरण्यातही थोड्याफार फरकाने हेच झाले. लांडगे संपल्यावर तेथे हरणे इतकी वाढली, की ती कमी करण्यासाठी अधिक शिकारी आत जाणे आवश्यक ठरले. त्यांच्यासाठी १९३० च्या सुमारास राखीव अरण्यातून रस्ता काढण्यात आला आणि अरण्य दुभंगले. रस्ते टाळण्यासाठी लिओपोल्ड यांनी जे अरण्य राखले होते, त्यात अखेर रस्ता आलाच. त्यामागे लांडग्यांचा नायनाट होता आणि त्या मोहिमेत त्यांचा स्वतःचाही वाटा होता. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली.

दरम्यान त्यांच्या शिकारीची तऱ्हाही बदलली होती. १९२४ मध्ये ते विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन या शहरी राहायला आले होते. तेथे त्यांना धनुर्विद्येचा छंद लागला. ते स्वतःच्या हाताने लाकूड तासून धनुष्ये आणि बाण तयार करत. त्यांच्या पत्नी एस्टेला याही निष्णात तिरंदाज होत्या. त्यांनी राज्य पातळीवरील अजिंक्यपद मिळवले. १९२७ आणि १९२९ मध्ये लिओपोल्ड गिलाच्या अरण्यात हरणाच्या शिकारीला गेले, तेव्हा त्यांच्या हाती धनुष्यबाण होता. रायफलीची गोळी दरीच्या एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत जाते. बाणासाठी मात्र हरणाच्या अगदी जवळ जावे लागते. वाऱ्याची दिशा, वाळल्या पानांचा आवाज, हरणाचा स्वभाव या सर्वांचा अभ्यास करावा लागतो. बहुतेक वेळा हरीण निसटून जाते. रायफलीला त्यांचा विरोध नव्हता. मात्र हत्यारे जसजशी सोपी आणि प्रभावी होतात, तसतसा शिकाऱ्याने स्वतःवर अधिक संयम ठेवला पाहिजे, असे त्यांचे मत होते. लहानपणी वडिलांनी घातलेल्या अटीचाच हा विस्तार होता.

१९३३ मध्ये वन्यप्राण्यांच्या व्यवस्थापनावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाने या विषयाचे प्राध्यापकपद निर्माण करून त्यावर त्यांची नेमणूक केली. १९३५ मध्ये त्यांनी जर्मनीतील वनांचा अभ्यास केला. तेथे एकाच जातीच्या वृक्षांची रांगेत केलेली लागवड आणि कृत्रिम चाऱ्यावर पोसलेली हरणे त्यांनी पाहिली. हरणांपासून रोपे वाचवण्यासाठी कुंपणे घालावी लागत होती. पुढच्याच वर्षी ते मेक्सिकोतील सिएरा माद्रे पर्वतात शिकारीला गेले. तेथे हरणे होती, लांडगे आणि पहाडी सिंहही होते. आणि तरीही झाडोरा दाट व नदीचे पाणी निर्मळ होते. दोन्ही ठिकाणे पाठोपाठ पाहिल्यामुळे लिओपोल्ड यांना आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. हरणांना लांडग्याचे भय असते, तसे डोंगराला हरणांचे भय असते. लांडगा हरणे मर्यादेत ठेवतो, म्हणून झाडोरा टिकतो. झाडोरा टिकतो, म्हणून माती टिकते.

मिळालेले ज्ञान लोकांना पटवणे सोपे नव्हते. विस्कॉन्सिनच्या उत्तर भागातील वनांतही हरणे अतोनात वाढली होती आणि हिवाळ्यात ती उपाशी मरत होती. १९४२ मध्ये नेमलेल्या नागरिकांच्या समितीचे लिओपोल्ड अध्यक्ष होते. समितीच्या सदस्यांनी बर्फातून फिरून भुकेने मेलेली हरणे स्वतः पाहिली. केवळ नरांची शिकार करून हा प्रश्न सुटणार नाही, माद्यांच्या शिकारीलाही परवानगी द्यावी लागेल, असे मत त्यांनी मांडले. १९४३ च्या हंगामात तशी परवानगी मिळाली आणि सुमारे १ लाख २८ हजार हरणे मारली गेली. राज्यात संतापाची लाट उसळली. वर्षानुवर्षे ज्यांना हरिणी आणि पाडसे यांना अभय द्यायला शिकवले होते, त्या शिकाऱ्यांना हा सल्ला म्हणजे घोर अपराध वाटला. लिओपोल्ड यांच्यावर कठोर टीका झाली. तरी त्यांनी आपले मत सोडले नाही. पूर्वी हरणे वाचवण्यासाठी त्यांनी जनमत घडवले होते. आता हरणांपासून वन वाचवण्यासाठी त्याच जनमताला त्यांना सामोरे जावे लागले.

या वादाच्या धामधुमीतच, १९४४ मध्ये, त्यांनी १९०९ मधील त्या लांडगीची कथा प्रथमच लिहून काढली. आपल्या पूर्वीच्या चुकीविषयीही त्यांनी लिहावे, असा आग्रह ॲल्बर्ट हॉकबाम या त्यांच्या माजी विद्यार्थ्याने धरला होता. लिओपोल्ड यांनी तो मानला. तरुणपणी आपण कसे चुकलो, हे त्यांनी कोणतीही सबब न सांगता लिहिले. पस्तीस वर्षे मनात राहिलेल्या त्या मावळत्या डोळ्यांचा अर्थ त्यांना आता उमगला होता.

१९३५ मध्ये त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठची एक निकस झालेली शेतजमीन विकत घेतली होती. तेथील कोंबड्यांच्या खुराड्याची त्यांनी झोपडी केली. पत्नी आणि पाच मुले यांच्यासह दर वसंतात ते तेथे हजारो झाडे लावत. तेथील अनुभवांवर आणि अशा आठवणींवर त्यांनी लिहिलेल्या निबंधांचे पुस्तक प्रकाशकाने स्वीकारल्याची बातमी एप्रिल १९४८ मध्ये आली. त्यानंतर अवघ्या आठवड्याभराने, २१ एप्रिल रोजी, शेजाऱ्याच्या रानात लागलेला वणवा विझवताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. पुस्तक १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे अनेक भाषांत त्याची भाषांतरे झाली आणि लाखो वाचकांनी ते वाचले.

१९६४ मध्ये अमेरिकेत राखीव अरण्यांचा कायदा संमत झाला. गिलालगतच्या एका अरण्याला १९८० मध्ये लिओपोल्ड यांचे नाव देण्यात आले. आणि मार्च १९९८ मध्ये, ज्या अपाची वनात तरुण लिओपोल्ड यांनी रायफल चालवली होती, त्याच वनात मेक्सिकन लांडगे पुन्हा सोडण्यात आले. त्या प्रदेशातून हा प्राणी नामशेष झाला होता. आता ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको मिळून त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली आहे. त्या सार्वजनिक वनांत आजही हंगामात परवानाधारक शिकारी हरणाच्या मागावर जातात. मात्र लांडग्यांचाही तेथे अधिकार आहे, ही गोष्ट आता कायद्याने मान्य केली आहे. लिओपोल्ड यांना जे समजायला अर्धे आयुष्य लागले, ते आज पुढच्या पिढ्यांना शाळेतच शिकता येते.