केरसुणीचा मान

नवीन पनवेलमध्ये पत्ता विचारला की आधी सेक्टर येतो, मग माणूस. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने कागदावर आखून वसवलेली ही वस्ती. पण आखलेल्या वस्तीत आपलेपणा कसा यायचा? या प्रश्नाने त्याआधी अर्धशतक एका स्कॉटिश प्राध्यापकाला झपाटले होते. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस.

१८५४ साली जन्मलेले गेडिस मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. मेक्सिकोत डोळे अधू झाले, सूक्ष्मदर्शक सुटला आणि नजर माणसांच्या वस्तीकडे वळली. लग्नानंतर पत्नी ॲनासह ते एडिंबरोच्या एका बकाल चाळीत राहायला गेले. भिंती रंगवल्या, फुलझाडे लावली. शेजारीही हळूहळू कामाला लागले.

१९१४ साली ते भारतात आले. इथल्या नगरपालिकांना वस्त्या पाडून सरळ, रुंद रस्ते हवे होते. गेडिस मात्र गल्लीबोळ पायी हिंडत. मोजकी पडकी घरे काढून तिथे झाड लावा, अंगण मोकळे करा, असे सुचवीत. होळकरांच्या इंदूरला प्लेगने घेरले होते. गेडिस यांनी दिवाळीची मिरवणूक काढायचे ठरवले आणि जाहीर केले, की जे रस्ते सर्वांत स्वच्छ, तिथूनच ती जाईल! मग काय, घरोघर केरसुण्या फिरल्या. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर होता आणि हार घातलेले सफाई कामगारही. त्या काळात हे धाडसच म्हणायचे.

१९१७ साली मुलगा युद्धात गेला, पाठोपाठ ॲनाही. तरी काम थांबले नाही. १९१९ साली ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. पुढे नावारूपाला आलेले गोविंद सदाशिव घुर्ये त्यांच्याच वर्गात बसत. १९३२ साली फ्रान्समधील माँपेलिए येथे गेडिस यांचे निधन झाले.