सज्जनगडच्या अक्कास्वामी



मिशनच्या शाळांतून शिकणाऱ्या मुलामुलींस संन्यस्त भगिनींचा व त्यांच्या मठाध्यक्षेचा परिचय लहानपणापासून असतो. घरदार, दागदागिने व मानमरातब सोडून एखादी स्त्री मठांत येते, नेमधर्मानें राहते आणि पुढें त्याच मठाची धुरा तिच्या खांद्यावर येऊन पडते, अशीं उदाहरणें युरोपच्या इतिहासांत अनेक आहेत. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याची सर्वांत धाकटी कन्या लुईझ ही इ. स. १७७० मध्यें व्हर्सायचा राजवाडा सोडून सें-देनी येथील कार्मेलाइट मठांत गेली व पुढें तेथील मठाध्यक्षा झाली. आपल्याकडे जुन्या गोव्यांतहि सांता मोनिका नांवाच्या स्त्रियांच्या मठाची स्थापना इ. स. १६०६ मध्यें झाली होती.

परंतु अशी एखादी थोर स्त्री पाहावयास आपणांस इतकें दूर जाण्याचें कारण नाहीं. आपल्या अँटॉप हिलपासून परळ-लालबागपर्यंतच्या वस्तींत सातारकडून पोटापाण्यासाठीं आलेलीं घराणीं आहेत, आणि सातारच्या माणसास सज्जनगड ठाऊक नाहीं असें सहसा होत नाहीं. त्या गडावरील समर्थ रामदासस्वामींचा मठ सुमारें चाळीस वर्षें एका स्त्रीनें सांभाळला, व तोहि अशा काळांत कीं ज्यांत मोठमोठे गड आणि राजधान्या सांभाळणें पुरुषांस कठीण झालें होतें. त्या स्त्रीचें नांव अक्काबाई. संप्रदायांत त्यांस आदरानें अक्कास्वामी म्हणतात.

अक्काबाई या कऱ्हाडच्या रुद्राजीपंत देशपांडे यांच्या कन्या होत, असें परंपरा सांगते. देशपांडे हे परगण्याचे वतनदार. गांवोगांवच्या जमिनींचा व वसुलाचा हिशेब त्यांच्या दप्तरांत असे, आणि त्यामुळें त्या घराण्यांस समाजांत मोठा मान असे. अशा घरांत जन्मलेल्या मुलीस अन्नवस्त्राची ददात नव्हती. परंतु दैव निराळेंच होतें. त्या काळच्या रूढीप्रमाणें लहानपणींच त्यांचें लग्न झालें, आणि जगाची ओळख पटण्यापूर्वींच त्यांस वैधव्य आलें.

बालविधवेची स्थिति त्या वेळीं काय होती, हें आजच्या मुलींनीं समजून घेण्यासारखें आहे. तिला पुनर्विवाह नाहीं, शाळा नाहीं, मंगलकार्यांत पुढें येण्याची मुभा नाहीं. घर कितीहि मोठें असलें तरी त्या घरांत तिची जागा माजघराच्या कोपऱ्यांत. कष्ट मात्र पहांटेपासून रात्रीपर्यंत. अशा कित्येक मुली आल्या आणि गेल्या. त्यांचीं नांवेंहि कोठें राहिलीं नाहींत. अक्काबाईंचें नांव राहिलें याचें कारण त्यांस एक निराळी वाट सांपडली.

कृष्णा-कोयनेच्या कांठचा कऱ्हाडचा मुलूख त्या काळीं रामदासस्वामींच्या कार्याचें मुख्य क्षेत्र होता. स्वामींचा जन्म इ. स. १६०८ चा, मराठवाड्यांतील जांब गांवचा. बारा वर्षें तपश्चर्या आणि बारा वर्षें देशाटन करून ते कृष्णाकांठीं आले. शहापूर, मसूर, उंब्रज, चाफळ अशा गांवांतून त्यांनीं मारुतीचीं देवळें उभारलीं, आणि इ. स. १६४८ मध्यें चाफळ येथें श्रीरामाची स्थापना केली. त्यांच्या शिष्यांत उद्धव, कल्याण, दिवाकर यांसारखे पुरुष तर होतेच. परंतु त्यांनीं स्त्रियांसहि आपल्या मंडळींत जागा दिली, ही गोष्ट त्या काळाच्या मानानें फार धीटपणाची होती. मिरजेच्या वेणाबाई या त्यांतल्याच एक. त्यांहि बालविधवा. त्यांनीं कीर्तनें केलीं, सीतास्वयंवरासारखें काव्य रचिलें आणि मिरजेच्या मठाचा अधिकारहि चालविला. लोकनिंदा दोघींच्याहि वाट्यास आली असली पाहिजे. तरुण विधवेनें घर सोडून बैराग्याच्या मठांत राहावें, ही गोष्ट मुकाट्यानें पाहून घेणारा तो समाज नव्हता.

वेणाबाईंस काव्याची देणगी होती. अक्काबाईंची देणगी निराळी होती. त्यांच्या हातीं व्यवस्था होती. मठ म्हणजे केवळ ध्यानधारणेचें ठिकाण नव्हे. तेथें रोज पांथस्थ येतात, भुकेलेले येतात, शिष्य येतात, उत्सवास हजारोंचा समुदाय जमतो. कोठीत धान्य किती, तूप किती, सरपण किती. कोणत्या गांवाहून काय आलें आणि काय यावयाचें राहिलें. कोण आजारी आहे, कोण रुसून बसला आहे, हें सर्व कोणीतरी पाहावें लागतें. अक्काबाई आधीं चाफळास व पुढें सज्जनगडास ह्याच कामांत राहिल्या. शिवाजी महाराजांनीं इ. स. १६७८ मध्यें चाफळच्या देवस्थानास सनद करून दिली, तेव्हां ह्या व्यवस्थेचा पसारा आणखी वाढला. देशपांड्यांच्या घरीं त्यांनीं हिशेबाचीं दप्तरें लहानपणीं पाहिलीं असतील. त्या घरानें त्यांस संसार दिला नाहीं, पण ही दृष्टि बहुधा तेथूनच मिळाली.

सज्जनगडाचें मूळचें नांव परळीचा किल्ला. साताऱ्याजवळ उरमोडी नदीच्या खोऱ्यांत तो उभा आहे. शिवाजी महाराजांनीं तो इ. स. १६७३ मध्यें घेतला आणि इ. स. १६७६ मध्यें समर्थ तेथें कायमचे राहावयास आले. पुढच्या सहा वर्षांत त्या गडानें एकामागून एक वियोग पाहिले. इ. स. १६७८ मध्यें वेणाबाईंनीं गडावरच देह ठेवला. इ. स. १६८० मध्यें शिवाजी महाराज गेले. इ. स. १६८२ च्या आरंभीं समर्थांचाहि अंतकाळ जवळ आला. त्याच दिवसांत तंजावराहून श्रीराम, सीता, लक्ष्मण व मारुति यांच्या मूर्ती गडावर येऊन पोंचल्या. त्या स्वामींच्या सांगण्यावरून तेथें घडविल्या गेल्या होत्या. पुढें चारपांच दिवसांनीं, माघ वद्य नवमीस, समर्थांनीं देह ठेवला. त्या समयीं अक्काबाईंस शोक आवरेना. तेव्हां आपला देह गेला तरी आपला ग्रंथ तुमच्याजवळ आहे, अशा अर्थानें स्वामींनीं त्यांचें समाधान केलें, अशी आठवण संप्रदायांत सांगतात. समाधीवर देऊळ उठलें आणि त्या मूर्ती तेथें विराजमान झाल्या.

गुरु गेल्यावर शिष्यांची खरी परीक्षा सुरू होते. कल्याणस्वामींचा मठ दूर डोमगांवास. उद्धवस्वामींचा टाकळीस. संस्थानाच्या कारभारावरून शिष्यमंडळींत वादहि उत्पन्न झाले, आणि संभाजी महाराजांच्या सरकारास त्यांत लक्ष घालावें लागलें. चाफळचा कारभार दिवाकर गोसावी पाहत. गडावरील मठाची जबाबदारी अक्काबाईंकडे आली. जिच्या शब्दास माहेरीं किंवा सासरीं कोणी किंमत दिली नसती, तिच्या शब्दावर आतां गडावरील मठ चालूं लागला.

यानंतरचीं वर्षें महाराष्ट्राच्या इतिहासांतील अत्यंत बिकट वर्षें होत. इ. स. १६८९ मध्यें औरंगजेबानें संभाजी महाराजांचा वध करविला. त्याच वर्षीं रायगड पडला. येसूबाई व लहानगे शाहू मोंगलांच्या कैदेंत गेले. राजाराम महाराज दूर जिंजीस गेले. परत आल्यावर त्यांनीं साताऱ्यास राजधानी केली, तेव्हां बादशहा स्वतः मोठें सैन्य घेऊन साताऱ्यावर चालून आला. इ. स. १७०० च्या मार्चमध्यें राजाराम महाराज सिंहगडावर वारले आणि एप्रिलमध्यें साताऱ्याचा किल्ला मोंगलांच्या हातीं गेला. त्यांची पुढची नजर परळीवर, म्हणजे सज्जनगडावर होती.

आतां अक्काबाईंपुढें प्रश्न उभा राहिला. गड लढविणें हें किल्लेदाराचें काम होतें. परंतु देवालयांतील मूर्तींचें काय? गुरूनें शेवटच्या दिवसांत ज्यांचें दर्शन घेतलें, त्या मूर्ती शत्रूच्या हातीं पडूं द्यावयाच्या कीं काय? राहावें तर मूर्ती जाण्याचें भय. निघावें तर ज्या समाधीची अठरा वर्षें सेवा केली, ती मागें सोडावी लागणार. समाधि कांहीं उचलून नेतां येत नाहीं. अक्काबाईंनीं विचार केला आणि जें नेण्यासारखें होतें तें वांचविण्याचें ठरविलें. मूर्ती घेऊन त्या गडाबाहेर पडल्या व वासोट्याच्या किल्ल्याकडे गेल्या, असें संप्रदायांत परंपरेनें सांगतात.

वासोटा म्हणजे जावळीच्या रानांतला, कोयनेच्या पलीकडचा दुर्गम किल्ला. आज कोयनेच्या धरणामुळें तेथें शिवसागराचें पाणी पसरलें आहे आणि प्रवासी बामणोलीहून नावेंत बसून त्याच्या पायथ्याशीं जातात. त्या वेळीं धरण नव्हतें, सडक नव्हती. डोंगराची वाट, दाट झाडी आणि वाघाची भीति. अक्काबाई आतां तरुण राहिल्या नव्हत्या. बरोबर जड मूर्ती, आणि मागें बादशाही फौज. ज्या कोणीं त्या मूर्ती खांद्यावरून वाहून नेल्या, त्यांचीं नांवें आज आपणांस कळत नाहींत. पण त्यांसहि आपण मनांतून नमस्कार केला पाहिजे.

इ. स. १७०० च्या जूनमध्यें सज्जनगड मोंगलांनीं घेतला व त्याचें नांव नौरसतारा असें ठेविलें. गड घेतला खरा, परंतु लगेच सह्याद्रीचा पाऊस कोसळला. परतीच्या वाटेवर चिखलांत आणि पुरांत बादशहाच्या सैन्याचे अतोनात हाल झाले. नांव बदललें म्हणून डोंगर बदलत नाहीं, हें त्या पावसानें दाखविलें.

पुढें कित्येक वर्षें अक्काबाईंनीं ती ठेव सांभाळली. तोंपर्यंत देशांत मोठे फेरफार झाले. ताराबाईंनीं लढा चालू ठेविला. इ. स. १७०७ मध्यें औरंगजेब मरण पावला. शाहू महाराज सुटून आले आणि इ. स. १७०८ मध्यें साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. इ. स. १७०९ मध्यें सज्जनगड पुन्हां मराठ्यांच्या ताब्यांत आला. मूर्ती आपल्या जागीं परत आल्या, समाधीपुढें पुन्हां दिवा लागला. गडावर परत पाऊल ठेवितांना अक्काबाईंच्या मनांत काय आलें असेल, तें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं ताडून पाहावें.

येवढें केल्यावर आपणच मालक म्हणून बसावें, असा मोह कोणासहि होईल. अक्काबाईंनीं तसें केलें नाहीं. समर्थांच्या वडील बंधूंचे नातू गंगाधरस्वामी यांच्याकडे पुढें संस्थानाचा अधिकार आला आणि परंपरेची घडी नीट बसली. अक्काबाई अखेरपर्यंत सेवेंतच राहिल्या. इ. स. १७२१ मध्यें त्यांनीं सज्जनगडावर देह ठेवला. त्यांची समाधि गडावरच आहे, आणि वेणाबाईंचें वृंदावनहि तेथेंच आहे. माघांत दासनवमीच्या उत्सवास हजारों लोक गड चढतात व समर्थांच्या समाधीचें दर्शन घेतात. त्यांतील थोडेच लोक अक्काबाईंच्या समाधीपाशीं थांबत असतील.

वाचकहो, अक्काबाईंच्या नांवावर वेणाबाईंसारखें गाजलेलें काव्य नाहीं, लढाई नाहीं, राज्य नाहीं. मग त्यांस थोर कां म्हणावयाचें? जगांत नवीन वस्तु निर्माण करणाऱ्यांची कीर्ति होते. निर्माण झालेली वस्तु सांभाळणाऱ्यांची तितकी होत नाहीं. परंतु सांभाळणारे नसतील, तर निर्माण करणाऱ्यांचे श्रम एका पिढींतच मातीस मिळतील. एकानें दिलेली ठेव संकटांतून जपून दुसऱ्याच्या हातीं जशीच्या तशी देणें, आणि मध्यें आपलें असें कांहींहि न ठेवणें, हें अक्काबाईंच्या चरित्राचें सार आहे.

आपल्या घरींहि अशा अक्काबाई असतात. कोणाची आजी, कोणाची आत्या, कोणाची विधवा मावशी. घरांतील कागदपत्रें, देव्हारा, औषधाची बाटली, भावंडांतील सलोखा, हें सर्व ती न बोलतां जपत असते. मुलांनो, हें चरित्र वाचून झाल्यावर एकवार तिच्याकडे पाहा. आणि पालकहो, आपल्या मुलीच्या हातीं एखादी जबाबदारी देतांना तिला ती पेलेल कीं नाहीं अशी शंका आपल्या मनांत आली, तर वासोट्याच्या रानवाटेनें मूर्ती घेऊन निघालेली ती कऱ्हाडच्या देशपांड्यांची लेक आपण आठवावी.