दाराब जहांगीर जस्सावाला

डॉ. दाराब जहांगीर जस्सावाला (इ.स. १९१५ – इ.स. १९९९) हे भारतीय कर्करोग-शल्यविशारद आणि भारतातील कर्करोग नोंदणीचे प्रवर्तक होते. नवल टाटा यांच्या सहकार्याने त्यांनी इ.स. १९५१ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटी या स्वयंसेवी संस्थेची स्थापना केली. भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी, म्हणजेच बॉम्बे कॅन्सर रजिस्ट्री, त्यांच्या पुढाकाराने इ.स. १९६३ मध्ये सुरू झाली.

पार्श्वभूमी

जस्सावाला यांचा जन्म पारशी कुटुंबात झाला. त्यांची कारकीर्द मुख्यतः मुंबईतील टाटा मेमोरियल रुग्णालयात घडली. इ.स. १९४१ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयाचे ते पुढे संचालकही झाले. याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी निरनिराळ्या समाजांतील कर्करोगाच्या प्रकारांचा अभ्यास आरंभला होता.

कर्करोग हा श्रीमंत देशांचा रोग असून भारतात तो क्वचितच आढळतो, असा त्या काळी पुष्कळांचा समज होता. रुग्णालयातील गर्दी या समजाला छेद देत असली, तरी तो खोटा ठरवण्यास ती पुरेशी नव्हती. टाटा रुग्णालयात देशभरातून रुग्ण येत. शिवाय अनेक रुग्ण कोणत्याही मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसत. गणिताच्या भाषेत सांगायचे, तर रुग्णालयाच्या आकड्यांना अंश होता, परंतु छेद नव्हता. ठराविक लोकसंख्येत दरवर्षी किती नवे रुग्ण निर्माण होतात, हे समजल्यावाचून रोगाचा भार मोजता येत नाही आणि उपचारांची सोय किती हवी, हेही ठरवता येत नाही.

नोंदणीची कार्यपद्धती

या नोंदणीसाठी बृहन्मुंबईचे क्षेत्र निश्चित करण्यात आले. इ.स. १९६१ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या सुमारे ४१.५ लाख होती. कर्करोगाची माहिती कळवण्याचे बंधन डॉक्टरांवर नसल्यामुळे नोंदणीचे कर्मचारी स्वतः सरकारी व खासगी रुग्णालयांत आणि प्रयोगशाळांत जाऊन कागदपत्रे तपासत. महानगरपालिकेच्या मृत्युनोंदींशीही ही माहिती ताडून पाहिली जाई. त्यामुळे रुग्णालयातून निसटलेले रुग्ण सापडत.

रुग्ण मुंबईचा रहिवासी आहे की केवळ उपचारांसाठी आला आहे, हे पाहणे आवश्यक होते. एकच रुग्ण दोन-तीन ठिकाणी दाखल झाला असल्यास त्याची नोंद एकदाच धरली जाई. वृद्धांचे प्रमाण कमी असलेल्या देशात कर्करोगाचा ढोबळ दर साहजिकच कमी दिसतो. म्हणून इतर देशांशी तुलना करताना वयानुसार समायोजित दर काढले जात.

निष्कर्ष

पाच खंडांतील कर्करोगाच्या आकडेवारीचा आंतरराष्ट्रीय संग्रह इ.स. १९७० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात मुंबईचे आकडे समाविष्ट होते. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत मुंबईत मुख आणि घसा यांच्या कर्करोगाचे प्रमाण लक्षणीय होते. तंबाखू चघळणे व धूम्रपान यांच्याशी असलेला त्याचा संबंध जस्सावाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी इ.स. १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांडला.

एकाच शहरातील समाजांमध्येही फरक आढळला. पारशी स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक होते, तर हिंदू स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण पारशी स्त्रियांपेक्षा अधिक होते. हवा-पाणी एकच असताना असा फरक पडतो, याचा अर्थ विवाहाचे वय, अपत्यसंख्या, सवयी आणि राहणीमान यांचा रोगाशी संबंध असावा, ही दिशा त्यातून मिळाली.

वारसा

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमात इ.स. १९८२ पासून मुंबईबरोबर बंगळूर आणि मद्रास येथील लोकसंख्याधारित नोंदणीचे काम सुरू झाले. इंडियन कॅन्सर सोसायटीने पुणे, नागपूर व औरंगाबाद येथेही नोंदणी केंद्रे उघडली.

मुंबईचे आकडे ग्रामीण भारताला लागू पडत नाहीत, ही या कामाची मर्यादा होती. इ.स. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झालेल्या ग्रामीण नोंदणीने ती काही अंशी भरून काढली. तेथे कर्मचारी गावोगावी जाऊन रुग्णांचा शोध घेतात. रुग्णाची वाट न पाहता त्याच्यापर्यंत पोहोचण्याची ही रीत मुंबईत घालून दिलेल्या पद्धतीचाच विस्तार आहे.