पाण्याखाली श्वास घेण्याची वाट दाखवणारा दर्यावर्दी : जाक कुस्तो

जून महिना लागला की मालवण, तारकर्ली, देवबागचं स्कुबा बंद होतं. होड्या वर ओढल्या जातात, टाक्या धुऊन ठेवल्या जातात आणि धंद्यातली पोरं शेताकडे वळतात. याच जून महिन्यात एका माणसाची जयंती पण येते आणि पुण्यतिथी पण. ११ जून आणि २५ जून. पाठीवर टाकी बांधून मासे बघायला खाली उतरणारा आपल्याकडचा प्रत्येक पर्यटक ज्या साधनावर श्वास घेतो, ते तयार करणाऱ्या दोघांपैकी हा एक. नाव जाक कुस्तो, देश फ्रान्स.

आज स्कुबावर आपल्या किनाऱ्यावरची कितीतरी घरं चालतात. पण त्याच्या मागचा माणूस कोण, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. म्हणून ही गोष्ट.

अंगाने अशक्त, डोक्याने खटपट्या

कुस्तोचा जन्म ११ जून १९१० चा. बोर्दो शहराजवळ सेंट-आंद्रे-द-क्युबझाक नावाचं गाव आहे, तिथला. वडील शिकलेले वकील, पण नोकरी श्रीमंत अमेरिकन माणसांकडे सेक्रेटरीची. त्यामुळे घर कायम फिरतं. मुलगा लहानपणी सारखा आजारी. पोटाचा त्रास, अंगात रक्त कमी. तरी पोहायला शिकला आणि पाण्याचा नाद लागला तो कायमचा.

दहा-अकरा वर्षांचा असताना काही काळ कुटुंब अमेरिकेत होतं. तिथे सुट्टीच्या शिबिरात तलावाच्या तळातल्या फांद्या बुडी मारून काढायचं काम त्याला मिळालं. पाण्याखाली डोळे उघडे ठेवून काम करायची ती पहिली वेळ. शाळेत मात्र मन नाही. खिडक्या फोडल्या म्हणून एका शाळेतून काढून टाकलं. पण यंत्रं आणि सिनेमाचा कॅमेरा यांच्यात जीव. साठवलेल्या पैशातून कॅमेरा घेतला आणि तो उघडून आत काय आहे तेही बघितलं.

१९३० मध्ये तो नौदलाच्या शाळेत दाखल झाला. त्याला व्हायचं होतं विमानचालक. पण १९३६ च्या सुमाराला रात्री मोटारीचा मोठा अपघात झाला. हात मोडले, एक हात तर कापायची भाषा डॉक्टर करू लागले. याने नकार दिला. हात वाचले, पण विमान कायमचं सुटलं.

हातात पुन्हा जोर यावा म्हणून तो तुलाँ बंदराजवळ समुद्रात पोहू लागला. फिलिप तायिए नावाच्या नौदलातल्या मित्राने त्याला पाण्यात घालायचा चष्मा दिला. तो लावून डोकं पाण्यात घातलं आणि खालचे खडक, शेवाळ, मासे स्वच्छ दिसले. तिथून पुढचं आयुष्य ठरलं. १९३७ मध्ये सिमोन मेल्शिओर हिच्याशी लग्न झालं. तिचे वडील पुढे एअर लिक्विड या गॅस कंपनीत मोठ्या जागेवर होते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

अडचण होती ती श्वासाची

शिणाणे, कालवं काढायला बुडी मारणारा माणूस जाणतो की सगळा खेळ छातीतल्या एका श्वासाचा असतो. दीड-दोन मिनिटं, बस. कुस्तो, तायिए आणि त्यांचा तिसरा सोबती फ्रेदेरिक द्युमा हे तिघेही असेच दम धरून खाली जायचे. १९४२ मध्ये त्यांनी पाण्याखालचा पहिला सिनेमा केला तोही दम धरूनच.

कुणी म्हणेल, लांब नळी तोंडात धरून खाली जायचं. पण ते जमत नाही. पाण्याचा दाब छाती आवळतो आणि चार-सहा हात खाली गेलं की वरची हवा ओढताच येत नाही. दर १० मीटरला वरच्या वातावरणाइतका आणखी एक दाब वाढतो. म्हणून खाली जाणाऱ्याला हवा पण तेवढ्याच दाबाची लागते.

आधीच्या काळी पितळी टोप, शिशाचे जड बूट आणि वरून पंपाने हवा सोडणारी नळी अशी व्यवस्था होती. माणूस दाव्याला बांधलेल्या जनावरासारखा. हवेची टाकी पाठीवर घेऊन उतरायचा प्रयोग ईव्ह ल प्रिएर या फ्रेंच अधिकाऱ्याने कुस्तोच्या आधी केला होता. पण त्यात हवा सारखी वाहत राहायची आणि टाकी लवकर रिकामी व्हायची. कुस्तोने शुद्ध ऑक्सिजन वापरूनही बघितला. खोलावर तोच ऑक्सिजन विष ठरतो. त्याला दोनदा झटके आले आणि दोन्ही वेळा थोडक्यात वाचला.

गॅसच्या झडपेतून निघालेली वाट

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता. पेट्रोल मिळत नव्हतं. लोक मोटारी गॅसवर चालवत होते. एअर लिक्विड कंपनीतला इंजिनियर एमिल गान्याँ याने गाडीला लागेल तेवढाच गॅस सोडणारी एक झडप बनवली होती. सासऱ्यांच्या ओळखीने १९४२ च्या डिसेंबरात कुस्तो त्याला पॅरिसमध्ये भेटला. इंजिन मागेल तेवढा गॅस, तर माणूस मागेल तेवढी हवा का नाही, असा सरळ विचार.

आपल्या घरच्या सिलिंडरवरचा रेग्युलेटर डोळ्यापुढे आणा. आत दाब प्रचंड, बाहेर मात्र बेताने. यांच्या झडपेत एक लवचीक पडदा होता. माणसाने श्वास ओढला की पडदा आत दबतो, झडप उघडते, हवा येते. ओढणं थांबलं की बंद. आणि पडद्याच्या दुसऱ्या बाजूला समुद्राचं पाणी असल्यामुळे जेवढं खोल जाल तेवढ्याच दाबाची हवा आपोआप मिळते.

पहिली चाचणी पॅरिसजवळ मार्न नदीत, ऐन थंडीत. आडवं पोहताना ठीक चाललं. उभं राहिलं की हवा फुकट निसटायची, डोकं खाली केलं की ओढवेना. दोघे विचार करत परत निघाले तेव्हा चूक सापडली. सोडलेला श्वास बाहेर टाकणारी झडप पडद्यापासून वेगळ्या उंचीवर होती. दोन्ही एका जागी आणल्या आणि काम झालं.

जून १९४३ मध्ये दक्षिण किनाऱ्यावर समुद्रात खरी परीक्षा झाली. सिमोन वर पोहत लक्ष ठेवून, द्युमा मदतीला तयार. कुस्तो खाली गेला, कोलांट्या मारल्या, डोकं खाली पाय वर केलं, श्वास कुठे अडला नाही. एका गुहेत शेवंडं दिसली, ती धरून वर बायकोकडे दिली. युद्धाचे दिवस, खायची टंचाई. जगातल्या या मोठ्या शोधाच्या दिवशी घरात शेवंड शिजली.

या साधनाला पुढे ॲक्वालंग, म्हणजे पाण्यातलं फुप्फुस, हे नाव पडलं.

विहिरीवाल्यांनी वाचावा असा प्रसंग

ऑगस्ट १९४६. फ्रान्समध्ये व्होक्ल्यूज नावाचा प्रचंड झरा आहे. डोंगराच्या पोटातून पाणी येतं, खोली किती ते तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. कुस्तो आणि द्युमा कमरेला दोर बांधून आत उतरले. काही वेळातच दोघांची डोकी फिरली. काय करायला आलो तेही आठवेना. वर दोर धरून मोरिस फार्ग नावाचा सहकारी उभा होता. त्याला खूण समजेना, पण काहीतरी बिघडलंय हे ओळखून त्याने दोर ओढला. दोघे जिवंत वर आले.

मागून शोध घेतला तेव्हा कारण सापडलं. टाक्या भरणारा कॉम्प्रेसर आपल्याच इंजिनाचा धूर ओढून टाक्यांत भरत होता. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेत गेल्यासारखा जातो.

आपल्याकडे विहिरीत डिझेल इंजिन उतरवून पाणी काढताना, किंवा बंद पडलेली विहीर साफ करताना माणसं गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. एक उतरतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दोघेही जातात. कारण बहुतेक वेळा हेच, कोंडलेली खराब हवा. इंजिन विहिरीबाहेर ठेवणं आणि वर दोर धरून शहाणा माणूस उभा असणं, या दोन गोष्टींनी जीव वाचतो.

पण दर्या कुणाला सोडत नाही. ज्या फार्गने त्यांना वर ओढलं, तोच पुढच्या वर्षी, १९४७ मध्ये, किती खोल जाता येतं ते बघताना १२० मीटरवर गेला. दाबाखालची साधी हवा पण खोलावर दारूसारखी चढते हे त्यातून नीट कळलं. आज हौशी पाणबुड्याला ४० मीटरची मर्यादा घालतात, ती अशा जिवांची किंमत मोजून ठरलेली आहे.

धंदा, जहाज आणि धनगरीण

१९४६ मध्ये एअर लिक्विडने हे साधन विकायला ला स्पिरोतेक्निक नावाची वेगळी कंपनी काढली. काही वर्षांतच माल अमेरिकेत कॅलिफोर्नियाला पोचला. जे काम फक्त नौदलाचं होतं ते साध्या माणसाच्या आवाक्यात आलं. टाक्या, चष्मे, पंखाचे बूट, शिकवणारे, होडीवाले, असा पाण्यातल्या खेळाचा नवा धंदा जगभर उभा राहिला.

कुस्तोला मात्र दुकानात बसायचं नव्हतं. १९५० मध्ये त्याला एक जहाज मिळालं. युद्धात सुरुंग काढायला बांधलेलं, मग माल्टात तर म्हणून चालवलेलं. नाव कॅलिप्सो. एका श्रीमंत ब्रिटिश माणसाने ते विकत घेऊन वर्षाला एक फ्रँक भाड्याने त्याला दिलं. डागडुजीला पैसे नव्हते तेव्हा सिमोनने आपले दागिने विकले. पुढे ती नवऱ्यापेक्षा जास्त दिवस जहाजावर राहिली. खलाशी तिला धनगरीण म्हणायचे, कळप सांभाळणारी म्हणून. पडद्यावर ती फारशी दिसली नाही, पण जहाज तिच्यावर चालायचं.

पैशासाठी कुस्तोने सगळी कामं केली. १९५४ मध्ये अबू धाबीच्या समुद्रात तेल कंपनीसाठी तळाची पाहणी केली. पुढे त्या भागात तेल निघालं. जिथे आज आपल्या कोकणातली पोरं नोकरीला आहेत, तोच हा समुद्र.

मारणारा हात राखणारा झाला

१९५६ मध्ये त्याचा आणि लुई मालचा सिनेमा आला, नाव मूक जग अशा अर्थाचं. कान महोत्सवाचा सर्वांत मोठा मान त्याला मिळाला, नंतर ऑस्कर पण. समुद्राखालचे रंग लोकांनी पहिल्यांदा एवढे जवळून बघितले.

पण तोच सिनेमा आज बघितला तर अंगावर काटा येतो. मासे मोजायला म्हणून प्रवाळात सुरुंग उडवलेला आहे. जहाजाच्या पंख्याने व्हेलचं पिल्लू कापलं गेलं, रक्तावर शार्क आले, तर खलाशांनी त्या शार्कना डेकवर ओढून मारलं. सगळं कॅमेऱ्यासमोर, लपवाछपवी नाही. आपल्या नद्यांत जिलेटीन लावून मासे मारणारे आजही आहेत. कुस्तोची माणसं त्या वेळी वेगळी नव्हती.

फरक एवढाच की तो त्याच जागी परत परत खाली जात राहिला. जिथे मासळीचे थवे होते तिथे उजाड तळ दिसू लागला. वरून होडीतून समुद्र सारखाच दिसतो, खाली उतरलेल्यालाच घट कळते. १९६० मध्ये फ्रान्सने अणुभट्टीचा कचरा भूमध्य समुद्रात टाकायचं ठरवलं तेव्हा तो किनाऱ्यावरच्या लोकांच्या बाजूने उभा राहिला आणि ती योजना थांबवावी लागली. १९६२ पासून त्याने समुद्रतळावर घरं करून माणसं ठेवायचे प्रयोग केले. पहिल्या वेळी दोन माणसं मार्सेलजवळ १० मीटर खाली आठवडाभर राहिली. नंतर तो नाद सोडून टीव्हीवरच्या मालिकांमधून त्याने समुद्र घराघरात नेला. १९७३ मध्ये समुद्र राखण्यासाठी संस्था काढली. अंटार्क्टिकात खाणी नकोत म्हणून त्याने सह्यांची मोहीम चालवली. १९९१ मध्ये तिथल्या खाणींवर बंदी घालणारा करार झाला.

घरचं दुःख मात्र मोठं. धाकटा मुलगा फिलिप हाच पुढे सगळं सांभाळणार होता. तो १९७९ मध्ये लिस्बनजवळ विमान अपघातात गेला. १९९० मध्ये सिमोन गेली. त्यानंतर कुस्तोने दुसरं लग्न केलं, त्या बाईपासून दोन मुलं आधीच होती. थोरल्या मुलाशी आडनाव धंद्यात वापरण्यावरून वाद कोर्टात गेला. जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूरच्या बंदरात एका बार्जने धडक देऊन कॅलिप्सो बुडवली. २५ जून १९९७ ला पॅरिसमध्ये कुस्तो वारला. वय ८७. जन्मगावच्या मातीतच त्याला पुरलं.

आपण काय घ्यायचं

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीची प्रवाळं हेच आपल्या स्कुबाचं भांडवल आहे. १९८७ मध्ये मालवणचा समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला तोही तिथल्या अशाच जिवांसाठी. प्रवाळावर नांगर टाकला, पर्यटकाला त्यावर उभं करून फोटो काढला, तर एका फोटोपायी कित्येक वर्षांची वाढ मोडते. भात वर्षाला पिकतं, प्रवाळाला बोटभर वाढायला वर्षं जातात. बियाणंच खाल्लं तर पेरायचं काय, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

पावसाळा संपला की होड्या पुन्हा पाण्यात जातील. तेव्हा कॉम्प्रेसरची हवा ओढणारी नळी धुरापासून लांब आहे ना, आणि नांगर वाळूत पडतोय ना, एवढं प्रत्येकाने बघावं. कुस्तोला पहिली गोष्ट एका दिवसात कळली, दुसरी कळायला अर्धं आयुष्य गेलं. आपल्याला तेवढा वेळ नाही.

जाक कुस्तो यांच्या स्मृतीस अभिवादन.