सरकारात गेलेली कार्यकर्ती: हायडी योरॅक

चळवळीतला माणूस सरकारात गेला की तो आपला राहत नाही, असा आपल्या कार्यकर्त्यांचा अनुभव आहे. तो खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. काल मोर्चात घोषणा देणारा आज पद मिळताच आपलेच निवेदन हातात घ्यायला तयार नसतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पण म्हणून सत्तेच्या जागा कायमच्या दुसऱ्यांसाठी सोडून द्यायच्या काय? हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी फिलिपाईन्समधील एका वकील बाईंचे आयुष्य जरूर अभ्यासावे. त्यांचे नाव हायडी योरॅक.

योरॅकबाईंचा जन्म १९४१ सालचा, नेग्रोस बेटावरचा. हा मुलूख उसाचा. मोठमोठे मळे मूठभर जमीनदारांचे आणि त्यावर राबणारे हात भूमिहीन मजुरांचे. त्या फिलिपाईन्स विद्यापीठात कायदा शिकल्या आणि पुढे तेथेच कायद्याच्या प्राध्यापक झाल्या. सप्टेंबर १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी देशात लष्करी कायदा पुकारला. विरोधक, पत्रकार, विद्यार्थी, प्राध्यापक यांची धरपकड झाली. त्यात योरॅकबाईही होत्या. काही महिने त्यांनी कोठडीत काढले. सुटल्यावर त्या गप्प बसल्या नाहीत. पुन्हा वर्गात जाऊन कायदा शिकवू लागल्या आणि हुकूमशाहीला विरोध करीत राहिल्या.

फेब्रुवारी १९८६ मध्ये लाखो लोक मनिलाच्या रस्त्यावर उतरले आणि मार्कोस यांना देश सोडून पळावे लागले. कोराझोन अक्विनो राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्यांनी योरॅकबाईंना निवडणूक आयोगाचे सदस्य नेमले. मार्कोस यांच्या काळात मतपेटीवरचा लोकांचा विश्वासच उडाला होता. तो परत आणणे हे या आयोगाचे काम होते.

येथे एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. डिसेंबर १९८९ मध्ये लष्करातील एका गटाने उठाव केला. त्याच्या चौकशीसाठी आयोगाचे अध्यक्ष हिलारिओ दाविदे यांना पाठवण्यात आले आणि अक्विनो यांनी योरॅकबाईंना हंगामी अध्यक्ष केले. सिक्स्टो ब्रियांतेस नावाच्या वकिलाने या नेमणुकीला आव्हान दिले. डिसेंबर १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमणूक घटनाबाह्य ठरवली. निवडणूक आयोग स्वतंत्र आहे, त्याचा हंगामी अध्यक्ष राष्ट्राध्यक्षांनी निवडायचा नाही, तो आयोगाच्या सदस्यांनी ठरवावा, हा त्या निकालाचा गाभा. योरॅकबाई प्रामाणिक होत्या याबद्दल वाद नव्हता. प्रश्न संस्थेच्या स्वातंत्र्याचा होता. माणूस कितीही चांगला असो, नेमणुकीची पद्धत चुकीची असेल तर उद्या त्याच वाटेने वाईट माणूस येतो. आमच्या मते कार्यकर्त्यांनी हा निकाल योरॅकबाईंच्या यशाइतकाच लक्षात ठेवावा.

१९९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष फिडेल रामोस यांनी राष्ट्रीय एकता आयोग नेमला आणि त्याचे अध्यक्षपद योरॅकबाईंकडे दिले. कम्युनिस्ट गनिम, मोरो मुस्लिम संघटना आणि बंडखोर लष्करी गट यांच्याशी शांततेचा मार्ग शोधायचा होता. आयोगाने प्रांताप्रांतांत फिरून लोकांचे ऐकले. १९९३ च्या अहवालात बंडाची मुळे स्पष्ट मांडली: दारिद्र्य, जमीन व संपत्तीची विषमता, अन्याय, आदिवासींचे शोषण. शांततेच्या सहा मार्गांपैकी पहिला मार्ग सामाजिक, आर्थिक व राजकीय सुधारणांचा होता. एकेकाळी सरकारनेच कोठडीत टाकलेली बाई आता सरकारी कागदावर हे लिहीत होती.

त्यांची खरी कसोटी लागली २००१ मध्ये. मार्कोस कुटुंबाने लुटलेली संपत्ती परत मिळवण्यासाठी १९८६ मध्ये स्थापन झालेल्या आयोगाच्या त्या अध्यक्ष झाल्या. हा आयोग तोवर बदनाम झाला होता. त्याने १९९३ मध्ये मार्कोस कुटुंबाशी केलेले तडजोडीचे करार सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये रद्द केले होते. स्विस बँकांतील पैशाचा दावा १९९१ पासून चालू होता. २००० मध्ये विशेष न्यायालयाने तो सरकारच्या बाजूने दिला आणि जानेवारी २००२ मध्ये स्वतःचाच निकाल फिरवला. कारण काय, तर स्विस न्यायालयांच्या निकालांची प्रमाणित भाषांतरे जोडलेली नाहीत! एका कागदासाठी प्रकरण कसे लोंबकळते हे आम्ही रोज कोर्टात पाहतो. योरॅकबाईंच्या आयोगाने सर्वोच्च न्यायालय गाठले.

१५ जुलै २००३ रोजी निकाल लागला. त्यातला हिशेब शाळकरी मुलालाही कळेल. मार्कोस पतिपत्नींचे वीस वर्षांतील ज्ञात कायदेशीर उत्पन्न सुमारे ३ लाख ४ हजार डॉलर. आणि स्विस ठेवी ६५ कोटी ८० लाख डॉलरहून अधिक! उत्पन्नाशी उघड विसंगत मालमत्ता बेकायदेशीर मानावी, असा तेथे १९५५ पासून कायदा होता. त्याच्या आधारे सर्व ठेवी सरकारजमा झाल्या आणि २००४ मध्ये व्याजासह सुमारे ६८ कोटी डॉलर तिजोरीत आले. कायद्याने हा पैसा जमीनसुधारणेसाठी राखलेला होता. ऊसमळ्यांच्या मुलखातून आलेल्या बाईंच्या कारकिर्दीत हे घडले.

त्याच वर्षी त्यांना सरकारी सेवेसाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आदल्याच वर्षी याच विभागात तो आपले मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांना मिळाला होता. सप्टेंबर २००५ मध्ये कर्करोगाने योरॅकबाईंचे शिकागो येथे निधन झाले.

पुढचे त्यांनी पाहिले नाही. २०१३ च्या कायद्याने याच पैशातून १,००० कोटी पेसो लष्करी राजवटीतील पीडितांसाठी बाजूला काढले आणि ११,१०३ जणांचे दावे मान्य झाले. त्यानंतर २०२२ मध्ये मार्कोस यांचे चिरंजीव त्याच देशाचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. मग योरॅकबाईंचे कष्ट वाया गेले काय? आम्हाला तसे वाटत नाही. मते फिरतात, सरकारे बदलतात. पण हा पैसा लुटीचा होता, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरी आकड्यांसह नोंदले गेले आहे, आणि पीडितांच्या हाती भरपाई पडली आहे. ती आता कोणी परत घेऊ शकत नाही.

आपल्यातला कोणी पदावर गेला तर त्याला एवढेच विचारू या: तू त्या खुर्चीत असताना कोणता दावा निकाली निघाला, आणि कोणाच्या पदरात काय पडले?