जॉन अलेक्झांडर डोवी : विश्वास, वैद्य आणि लेंकरूं

ज्या पुरुषाचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, त्यांचा आवेश मोठा होता, यांत संशय नाहीं. त्यांच्या आयुष्यांत घेण्याजोगें कांहीं आहे, व ज्यापासून सावध व्हावें असेंही पुष्कळ आहे. आपल्या मंडळ्यांत आजाऱ्यांसाठीं प्रार्थना होत असते, म्हणून हें चरित्र आपणांस उपयोगी पडेल.

जॉन अलेक्झांडर डोवी यांचा जन्म स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं इ. स. १८४७ च्या मे महिन्याच्या २५ व्या तारखेस झाला. इ. स. १८६० मध्यें त्यांचें कुटुंब दक्षिण ऑस्ट्रेलियांत जाऊन राहिलें. पुढें एडिंबरोस परत जाऊन त्यांनीं शिक्षण घेतलें, आणि इ. स. १८७२ मध्यें ऑस्ट्रेलियांतील आल्मा गांवीं ते पाळक झाले. नंतर ते सिडनीजवळील न्यूटाउन येथें असतां सांथ येऊन मंडळींतील पुष्कळ माणसें मेलीं. त्या दुःखांत त्यांनीं एका आजारी मुलीसाठीं प्रार्थना केली व ती बरी झाली, असें ते पुढें सांगत असत. तेव्हांपासून प्रार्थनेनें रोग बरे करणें हेंच त्यांच्या सेवेचें मुख्य अंग झालें.

इ. स. १८८८ मध्यें ते अमेरिकेस गेले. इ. स. १८९३ मध्यें शिकागो येथें मोठें प्रदर्शन भरलें, तेव्हां त्याजवळच त्यांनीं लाकडी सभागृह बांधिलें, व लोक झुंडीनें येऊं लागले. आजाऱ्यांस ठेवण्यास त्यांनीं घरें उघडलीं. परवान्यावांचून वैद्यकी केल्याच्या आरोपावरून इ. स. १८९५ मध्यें त्यांस अनेक वेळां पकडण्यांत आलें. इ. स. १८९६ मध्यें त्यांनीं स्वतंत्र मंडळी स्थापिली, आणि इ. स. १९०१ मध्यें मिशिगन सरोवराच्या कांठीं झायन नांवाचें शहर वसविलें. त्या शहरांत दारू नव्हती, तंबाखू नव्हती, नाटकगृहही नव्हतें. काळ्या लोकांस त्यांनीं आपल्या मंडळींत घेतलें. या गोष्टी स्तुत्य होत. परंतु तेथें डॉक्टर व औषधांचें दुकान यांसही मनाई होती. कारण वैद्याकडे जाणें हा अविश्वास होय, असें त्यांचें शिक्षण होतें.

या शिक्षणाचें फळ काय झालें तें पाहा. न्यूयॉर्क प्रांतांत त्यांच्या मंडळीचा एक सभासद राहत असे. त्यानें दत्तक घेतलेली एक मुलगी होती. तिला दोन वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. इ. स. १९०१ मध्यें तिला डांग्या खोकला झाला, व त्यांतून फुप्फुसांचा दाह झाला. आजार भारी आहे हें बापास दिसत होतें. त्यानें प्रार्थना केली, पण डॉक्टर बोलाविला नाहीं, आणि मुलगी मेली. त्यास ५०० डॉलर दंड झाला. मधल्या कोर्टानें तो निर्णय फिरविला; परंतु इ. स. १९०३ मध्यें प्रांताच्या वरिष्ठ कोर्टानें शिक्षा कायम केली. त्या निर्णयाचा सारांश असा कीं, विश्वास बाळगण्यास प्रत्येक जण मोकळा आहे, पण मुलाला वैद्यकीय मदत देण्याचें आईबापांचें कर्तव्य त्यानें टळत नाहीं.

आम्ही त्या बापास निर्दय म्हणत नाहीं. त्या काळीं आजची औषधें नव्हतीं, म्हणून डॉक्टर येऊनही ती मुलगी कदाचित् वांचली नसती. तथापि वैद्यकी निष्फळ होती असेंही नाहीं. घटसर्पावरील सीरमच्या उपचाराबद्दल बेरिंग या जर्मन वैद्यास इ. स. १९०१ मध्येंच नोबेल पारितोषिक मिळालें. मोठ्या माणसानें स्वतःसाठीं औषध नाकारिलें, तर त्याचा जीव तो स्वतः पणास लावितो. लेंकरूं तसें करूं शकत नाहीं. त्यानें अद्याप कोणताही विश्वास निवडलेला नसतो. बापाच्या विश्वासाची परीक्षा लेंकराच्या जिवावर होऊं नये.

डोवी यांचा शेवट दुःखाचा झाला. इ. स. १९०१ मध्यें त्यांनीं आपणच एलीया आहों असें जाहीर केलें. पुढच्याच वर्षीं त्यांची तरुण कन्या एस्तेर भाजून मरण पावली. इ. स. १९०५ मध्यें त्यांस पक्षाघात झाला, व प्रकृति सुधारण्यासाठीं ते उष्ण देशांत गेले. इ. स. १९०६ मध्यें पैशाच्या गैरव्यवस्थेवरून मंडळीनें त्यांस दूर केलें. इ. स. १९०७ च्या मार्च महिन्याच्या ९ व्या तारखेस ते वारले. झायन शहर आजही आहे, आणि पुढें त्याच शहरांत हॉस्पिटलही झालें.

उपदेशक बंधूंनो, शास्त्र काय दाखवितें? लूक वैद्य होता, तरी पौलाचा प्रिय सोबती होता. हिज्कीयाची प्रार्थना देवानें ऐकिली, आणि तरीही त्याच्या गळवावर अंजिरांचें पोटीस बांधण्यांत आलें. चांगल्या शोमरोन्यानें जखमी मनुष्याच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधिल्या. तेव्हां कोणी रात्रीं येऊन आपलें मूल तापानें फणफणत आहे असें सांगेल, तर गुडघे टेंका, आणि उठून गाडी जुंपा. दवाखान्याच्या वाटेवरही प्रार्थना करितां येते. औषधाचे गुण ज्या देवानें निर्माण केले, तोच देव ती ऐकतो.